मधली मोकळी जागा

रेडिओ चिपचं मोठं करून काढलेलं छायाचित्र पाहताना नजर आधी वेटोळ्यांवर जाते. बाकी सगळीकडे दाटीवाटी, आणि मध्येच दोन-चार ऐसपैस अष्टकोन, चारी बाजूंनी अंतर राखून बसलेले. प्रगत चिपवर आज एका चौरस मिलिमीटरमध्ये दहा कोटींहून जास्त ट्रान्झिस्टर मावतात. ०.२ मिलिमीटर बाजूचा असा वेटोळ्याचा एक इंडक्टर म्हणजे चाळीस लाख ट्रान्झिस्टरांची जागा. एवढी जागा त्याला बिनतक्रार दिली जाते. ट्रान्झिस्टर दर पिढीत आक्रसत आले. हा मात्र जवळजवळ होता तेवढाच राहिला. त्याचं मूल्य, म्हणजे इंडक्टन्स, त्याच्या घेरावर आणि वेढ्यांवर ठरतं, आणि भूमिती काही आक्रसत नाही.

१९६०च्या दशकातल्या पाठ्यपुस्तकांनी सिलिकॉनवरच्या इंडक्टरचा नाद सोडूनच दिला होता. तार गुंडाळायला जागा नाही, आत चुंबकीय गाभा नाही, शिवाय खाली अर्धवट वाहक असलेलं सिलिकॉन. मग १९९० साली बर्कलीच्या न्युएन आणि मेयर यांनी नेहमीच्याच प्रक्रियेत, धातूच्या नेहमीच्याच थरांत सपाट चौकोनी वेटोळी काढली आणि त्यांतून सुमारे ८८० मेगाहर्ट्झचा फिल्टर चालवून दाखवला. गुणवत्ता बेताचीच होती. पण काळ मोबाइल फोनचा येत होता. गिगाहर्ट्झच्या घरात दोन-तीन नॅनोहेन्रीही पुरतात.

आता एखादं चांगलं वेटोळं जवळून पाहू. ते सगळ्यात वरच्या, सगळ्यात जाड धातूत काढलेलं असतं: रोध कमी व्हावा म्हणून, आणि सिलिकॉनपासून होईल तेवढं लांब राहावं म्हणून. आतलं टोक बाहेर आणायला वेढ्यांखालून खालच्या थरातला एक आडवा पूल जातो. आकार अष्टकोनी, कारण गोल सगळ्यात उत्तम असला तरी चिप छापायच्या मास्कच्या रेखाटनात सहसा ४५ अंशांपर्यंतचीच मुभा असते. वर्तुळ हवं होतं, अष्टकोनावर भागवलं. अशी तडजोड डोळ्यांना खटकत नाही, उलट शोभते.

खरी गंमत मध्यात आहे. नवशिक्याला वाटतं, जागा आहे तर आतही वेढे भरावेत. पण चुंबकीय क्षेत्र सगळ्यात तीव्र असतं ते तिथेच. आतल्या वेढ्याच्या धातूत ते भोवऱ्यासारखे प्रवाह उठवतं, मुख्य प्रवाह पट्टीच्या एका कडेला रेटला जातो, रोध वाढतो. शिवाय हे वेढे लांबीला आखूड, त्यांनी इंडक्टन्समध्ये घातलेली भर मामुली. म्हणून जाणता आरेखक मध्य रिकामा सोडतो. मस्कतजवळ मत्रहच्या बाजारात खंजिराच्या म्यानावर चांदीच्या तारेचं काम बघावं, तिथे बोटभर जागाही कारागीर मोकळी ठेवत नाही. इथे हात आवरण्यातच कसब.

मस्कतचंच सांगायचं तर रुवीतल्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानांत उघडा पडलेला बोर्ड भिंगाखाली पाहायला मिळतो. त्यावरचे काळपट ठोकळे म्हणजे वीजपुरवठ्याचे इंडक्टर. कारागीर त्यांना कॉइल म्हणतो, बिघडली की गरम हवेनं उचलून दुसरी बसवतो. आपलं वेटोळं त्याच बोर्डावरच्या सीलबंद चिपच्या पोटात असतं. ते त्याला दिसत नाही, बदलता तर येतच नाही.

माझ्या मते या सगळ्या कलेतली सर्वोत्तम जागा वेटोळ्याच्या खाली आहे. वेटोळ्याचं विद्युत क्षेत्र मधल्या ऑक्साइडच्या थरातून सिलिकॉनमध्ये शिरतं आणि ऊर्जा तिथे उष्णता होऊन वाया जाते. मध्ये जमिनीला जोडलेला वाहक पत्रा घातला तर हे क्षेत्र तिथेच अडतं. पण अखंड पत्र्यात वेटोळ्याचं चुंबकीय क्षेत्र उलट दिशेचा प्रवाह फिरवतं आणि इंडक्टन्सच खाऊन टाकतं. १९९८ साली स्टॅनफर्डच्या पॅट्रिक यू आणि सायमन वाँग यांनी त्या पत्र्याला वेढ्यांच्या काटकोनात बारीक चिरा पाडल्या. गोल फिरू पाहणारा प्रवाह चिरेशी तुटतो. विद्युत क्षेत्राला मात्र त्या फटी इतक्या अरुंद की त्यातून निसटता येत नाही. गुणवत्ता ३३ टक्क्यांपर्यंत सुधारली, शेजारच्या वेटोळ्याशी सिलिकॉनमधून होणारी कुजबुज २५ डेसिबलपर्यंत घटली, आणि कारखान्यात एकही जादा पायरी लागली नाही. फुकटात मिळालेलं नाही हे. पत्रा जवळ आल्यानं धारिता वाढते आणि वेटोळं कमी वारंवारतेलाच स्वतःशी अनुनादात येतं. तरीही दोन क्षेत्रांपैकी एकाला अडवून दुसऱ्याला वाट देणाऱ्या त्या चिरा पाहिल्या की दाद द्यावीशी वाटते.

त्या आधी, १९९६ साली, रणजित घारपुरे आणि मेयर यांनी सिलिकॉनच्या पोटातून एका भागाची गडबड दुसऱ्यापर्यंत कशी पोचते याचं गणित मांडलं होतं. पुढे निकनेजाद आणि मेयर यांनी वेटोळ्यांचं विश्लेषण करणारी संगणक प्रणालीच तयार केली. मराठी वाचकाला घारपुरे हे आडनाव अशा ठिकाणी भेटल्याचा आनंद वेगळा.

इंडक्टन्सच्या सूत्राबद्दल थोडं. व्हीलर यांनी १९२८ साली रेडिओच्या गुंडाळलेल्या कॉइलसाठी सोपी सूत्रं दिली होती. १९९९ साली मोहन, हर्शेनसन, बॉइड आणि ली यांनी त्यांचं रूप सपाट वेटोळ्यांसाठी बदललं. बाहेरची बाजू २०० मायक्रोमीटर, आतली १००, वेढे तीन: चौकोनाचं उत्तर सुमारे २ नॅनोहेन्री. सोबत २ पिकोफॅरडचा कपॅसिटर जोडला की अनुनाद येतो २.५ गिगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे वाय-फाय आणि ब्लूटूथच्या गावात. कागदावर पेन्सिलीनं करता येणारा हा हिशेब मला संगणकाच्या रंगीत नकाशांपेक्षा जास्त आवडतो.

अलीकडे आठच्या आकड्यासारखी वेटोळीही दिसतात. एका पाळीत प्रवाह उजवीकडे फिरतो, दुसरीत डावीकडे, त्यामुळे दूरवर त्यांची क्षेत्रं एकमेकांना बऱ्याच अंशी रद्द करतात आणि शेजाऱ्याला त्रास कमी होतो. त्यासाठी गुणवत्ता थोडी कमी पत्करावी लागते. एकाच चिपवर दोन ऑसिलेटर शेजारी नांदवायचे असतील तर तेच शहाणपणाचं. एरवी मी जुन्या अष्टकोनाच्याच बाजूचा.