‘मोकळी जागा’ म्हणजे काय? : ग्रंथालयीन संवेदकांची एक चिकित्सा

विद्यापीठीय ग्रंथालयांतील अभ्यासाच्या जागांची व्यवस्था संवेदकांच्या, म्हणजे रूढ भाषेत सेन्सरांच्या, साहाय्याने करावी असा विचार अलीकडे आपल्याकडेही मांडला जाऊ लागला आहे. मेजाखाली एक लहानसे उपकरण बसवावयाचे; आसनावर कोणी आहे की नाही हे त्याने ओळखावयाचे; आणि मोकळ्या आसनांची संख्या वाचकाच्या मोबाइलवर उमटावयाची, असे या योजनेचे थोडक्यात स्वरूप आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या ग्रंथालयांत अशी व्यवस्था केली गेली आहे. प्रस्तुत लेखात योजनेच्या खर्चाचा विचार करावयाचा नसून, ज्या एका संकल्पनेवर ती उभी आहे तिची चिकित्सा करावयाची आहे. ती संकल्पना म्हणजे ‘मोकळी जागा’.

प्रथम योजनेच्या पदरात तिचे श्रेय टाकले पाहिजे. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रे मांडली, त्यांतील चौथे वाचकाचा वेळ वाचवावा असे सांगते. मुंबईहून रेल्वेने बदलापूर सुमारे ६८ किलोमीटर आहे. उल्हासनगर, अंबरनाथ किंवा बदलापूर येथील पदव्युत्तर विद्यार्थ्यास कालिना येथील जवाहरलाल नेहरू ग्रंथालय गाठावयाचे, तर गर्दीची लोकल आणि कुर्ल्याहून पुढचा प्रवास यांत सकाळ संपते. एवढे करून बसावयास जागा न मिळाल्यास त्याचा दिवसच वाया जातो. घरून निघण्यापूर्वी ही माहिती मिळणे हा त्याच्या दृष्टीने चैनीचा प्रश्न नव्हे. फाळणीनंतर लष्करी छावणीच्या बराकींत निर्वासित सिंधी कुटुंबे वसली आणि १९४९ मध्ये त्या वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले. दाटीने राहण्याचा वारसा या गावास जन्मतःच लाभला आहे. अंबरनाथ-बदलापुरातील लहान सदनिकांतही अभ्यासाची स्वतंत्र खोली क्वचितच असते. ‘अभ्यासिका’ हा शब्द ‘ग्रंथालया’पासून वेगळा होऊन मराठीत रुळला, याचे कारण हेच होय. तेथे येणाऱ्यास पुष्कळदा ग्रंथ नको असतो. त्यास मेज, दिवा आणि शांतता हवी असते.

परंतु मोकळी जागा कोणती, हे ठरविणे वाटते तितके सोपे नाही. मराठीत जागा धरतात, अडवितात, राखतात, देतात आणि सोडतात. लोकलच्या प्रवाशाने बाकावर रुमाल टाकला की तेथे कोणी बसलेले नसूनही ती जागा मोकळी राहत नाही. आणि तिघांचा बाक भरलेला असूनही चौथ्यास सरकून जागा करून दिली जाते. अभ्यासिकेतही वही ठेवून चहास गेलेला, पिशवी ठेवून दुपारभर नाहीसा झालेला, आणि मित्रासाठी शेजारची खुर्ची राखणारा असे तीन वाचक असतात. या तिन्ही जागा संवेदकास सारख्याच रिकाम्या दिसतात. भाषेने जे भेद कष्टाने जपले आहेत, ते उपकरणाच्या ‘आहे’ आणि ‘नाही’ या दोन उत्तरांत लोपतात. ग्रंथपालाचे खरे काम मात्र नेमके याच भेदांत आहे : दहा मिनिटांची अनुपस्थिती क्षम्य मानावी, तीन तासांची मानू नये.

उपकरणाच्या रचनेतही हा दोष उतरतो. प्रचलित संवेदकांपैकी बरेचसे शरीरातून निघणाऱ्या अवरक्त किरणांतील बदल टिपतात. म्हणजे ते मनुष्य पाहत नाहीत, त्याची हालचाल पाहतात. जो वाचक ग्रंथात गढून निश्चल बसला आहे, तो त्यांच्या लेखी हळूहळू नाहीसा होतो. पाय हलवीत बसलेला मात्र अखंड उपस्थित ठरतो. यावर उपाय म्हणून शेवटच्या हालचालीनंतर काही मिनिटे जागा व्यापलेलीच मानतात. हा अवधी कमी ठेवावा, तर स्थिर वाचक गळतो. वाढवावा, तर उठून गेलेल्याची जागा अडून राहते. शिवाय, मे महिन्यात बदलापूरचा पारा चाळिशीच्या आसपास जातो. सभोवतालची हवा शरीराइतकीच तापली की दोहोंतील फरक मंदावतो व संवेदकाची दृष्टीही मंदावते. पंख्याने हलणारी उष्ण हवा कधी कधी नसलेला मनुष्य दाखविते. वातानुकूलित दालनातील अनुभव आपल्या अभ्यासिकांस जसाच्या तसा लावता येणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. आसनाची मोजणी आणि आसनस्थाची पाळत यांत अंतर थोडे आहे. २०१६ च्या जानेवारीत लंडनच्या ‘डेली टेलिग्राफ’ वृत्तपत्राच्या कचेरीत मेजांखाली असे संवेदक आढळले; पत्रकारांनी आक्षेप घेतला आणि ते काढून टाकावे लागले. उपकरण त्याच जातीचे. ग्रंथालयात ते सोय ठरले आणि कचेरीत हेरगिरी. भेद होता तो माहिती कोणाच्या हाती जाते याचा. आसनाची नोंद विद्यार्थ्याच्या ओळखपत्राशी जोडली, की ती वैयक्तिक माहिती होते, आणि २०२३ चा वैयक्तिक विदासंरक्षणाचा कायदा विचारात घेणे प्राप्त होते.

याहून सूक्ष्म धोका आकड्यांच्या अन्वयार्थाचा आहे. सायंकाळी सातनंतर जागा रिकाम्या दिसतात, म्हणून ग्रंथालय सातलाच बंद करावे, असा निष्कर्ष कोणीही काढील. पण त्या रिकाम्या असण्याचे कारण वाचनाची अनास्था नसून परतीची गाडी असू शकते, हे आकडा सांगत नाही. त्याचप्रमाणे, जो दारावरून परत गेला किंवा जागा मिळणार नाही म्हणून घरीच राहिला, त्याची नोंद कोणत्याही मेजाखाली होत नाही. तुटवड्याचा सर्वांत मोठा भाग अशा रीतीने मोजणीबाहेर राहतो.

तेव्हा संवेदक नकोत, असा प्रस्तुत लेखकाचा निष्कर्ष नाही. त्यांनी दालन मोजावे, व्यक्ती मोजू नये. आकडा प्रथम वाचकास दिसावा, मग प्रशासनास. आणि अनुपस्थितीची मर्यादा वाचकांशी विचारविनिमय करून ग्रंथपालाने ठरवावी, एवढ्या अटींवर ते स्वीकारार्ह आहेत. मात्र ज्या गावांत मुळातच आसने अपुरी आहेत, तेथे मोकळ्या आसनांचा फलक दिवसभर शून्यच दाखवील. ते शून्य वाचून आणखी एक खोली उघडली गेली, तरच उपकरणावरील खर्च सार्थकी लागला असे म्हणता येईल.