सिंह तोच, दादा वेगळा

शिरूरहून न्हावरामार्गे चौफुल्याला जाणाऱ्या रस्त्यावर सध्या एकाच सिंहाचं राज्य आहे. जबडा उघडा, आयाळीतून ठिणग्या उडतायत, मागे निळसर धूर. त्याच्यापुढे कधी ‘युवा उद्योजक’ उभा असतो, कधी ‘गोरगरिबांचा आधार’, कधी नुसताच ‘आपला माणूस’. गाव बदलतं, दादा बदलतो, गॉगलची काच बदलते. सिंह मात्र तोच, आणि धूरही तोच.

हा सिंह म्हणजे पिक्सेललॅब या फोनवरच्या ॲपची फाईल असते, पीएलपी. यूट्यूबवर ‘वाढदिवस बॅनर एडिटिंग’ शोधलं की अशा फायली ढिगाने हाती लागतात. व्हिडिओखाली लिंक, लिंकवरून टेलिग्राम, तिथे कुलूप लावलेली झिप, आणि तिचा पासवर्ड व्हिडिओत मध्येच कुठेतरी क्षणभर चमकून जाणारा, म्हणजे पोरांनी व्हिडिओ अख्खा बघावा. फाईल उघडायची, जुना दादा पुसायचा, नवा बसवायचा, शुभेच्छुकांचे गोल फोटो तळाला दाटीवाटीने भरायचे आणि सेव्ह करायचं. एवढं जमलं की पोरगा सांगतो, ‘डिझायनिंग शिकलो.’ सिंहाशी माझं वैर नाही. पण गेल्या काही वर्षांत शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांतल्या शेकडो पोरांच्या हातात आपल्या आजवरच्या पेंटरांना स्वप्नातही न दिसलेली साधनं आली, आणि त्यांना शिकवलं काय, तर पुसणं आणि बसवणं.

एवढंच असतं तर लिहायचं कारण नव्हतं. याच रस्त्याला यात्रांच्या हंगामात बैलगाडा शर्यतीचे बॅनर लागतात आणि तिथे वेगळं काहीतरी शिजतंय. 2014 साली बंद पडलेल्या शर्यती सर्वोच्च न्यायालयाच्या 16 डिसेंबर 2021 च्या आदेशाने पुन्हा सुरू झाल्या, 18 मे 2023 ला कायद्यावर शिक्कामोर्तबही झालं. शर्यतींचे घाट गजबजले तसे बॅनरही वाढले. त्यातले बहुतेक सिंहछापच, फक्त सिंहाच्या जागी बैल. पण न्हावऱ्याच्या अलीकडे मी एक बॅनर पाहिला, त्यावर मोठ्या अक्षरात दोनच शब्द होते: ‘घाटाचा राजा’.

हे दोन शब्द अक्षरं काढणाऱ्याला किती छळतात, ते एकदा काढून पाहा. पाच अक्षरं आणि पाचही अक्षरांना काना. त्यात घ, च आणि ज यांचे स्वतःचे दांडे. म्हणजे दोन शब्दांत आठ उभे दांडे, एकाच उंचीचे, एकाच जाडीचे. कुठल्याही तयार फॉन्टमध्ये टाइप केलं की कुंपण तयार होतं. या पोराने काय केलं? शिरोरेषाच तिरकी घेतली, डावीकडून उजवीकडे चढत जाणारी, घाट चढतो तशी. कान्यांची लांबी एकेका अक्षरागणिक वाढवत नेली आणि प्रत्येक काना आधीच्यापेक्षा जरा जास्त पुढे झुकवला, त्यामुळे पहिला काना उभा दिसतो आणि शेवटचा धावतो. टचं पोट मुद्दाम भरीव ठेवलं, म्हणून डाव्या बाजूला वजन बसलं. ट सोडला तर एकटा र स्वतःच्या दांड्याशिवाय आहे, त्याच्या आजूबाजूला मोकळी जागा सोडली. नजर तिथे श्वास घेते आणि पुढे ‘जा’वर जाऊन आदळते. बैलाचा फोटो कोपऱ्यात लहानसा आहे. गरजच नाही त्याची, शर्यत अक्षरांतच लागलेली आहे.

हे फोनवर काढलंय. बोटाने, आयबिस पेंटसारख्या ॲपमध्ये. रेषेला स्टॅबिलायझरचा किंचित गुळगुळीतपणा आहे आणि दोन ठिकाणी बोट उचलून पुन्हा टेकल्याचं कडेवर दिसतं. घाटाघाटांवर अशी अक्षरं आता अधूनमधून दिसतात: ‘फळीफोड’मधला फ फळीवर आपटून फुटलेला, कुठे धुळीतून वर आलेला र्र. काढणारे सगळे विशीच्या आतबाहेरचे असावेत. त्यांना एकत्र बांधणारं मंडळ नाही, नाव नाही, आणि बॅनरवर सहीसुद्धा नाही. तळाला असतो तो छापणाऱ्या दुकानाचा मोबाईल नंबर. माझ्या मते आज मराठी उपयोजित कलेत जे काही जिवंत चाललंय त्यातला मोठा वाटा या बिनसहीच्या पोरांचा आहे, आणि पुण्यातल्या प्रदर्शनांत त्याची चाहूलही नाही.

त्यांचं नातं कुणाशी लागतं, हे जाणकारांना सांगायला नको. अक्षरकार कमल शेडगे कलाशाळेत न जाता अक्षरांत शिरले आणि नाटकाच्या प्रत्येक नावासाठी अक्षर नव्याने काढत राहिले. एका नाटकाची वेलांटी दुसऱ्याला उसनी दिली नाही. बाजारपेठेतल्या पाट्या, ट्रकच्या पाठी, चौफुल्याच्या कला केंद्रांचे फलक रंगवणारे पेंटर त्याच जातीचे. ब्रश हातात असला की अक्षराच्या अंगाची ओळख आपोआप होते, कारण प्रत्येक वळण स्वतःच्या मनगटातून काढावं लागतं. आणखी मागे जायचं तर दौंड तालुक्यातल्या केडगावला जा. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनात छापखाना होता आणि तिथे खिळे जुळवण्यापासून छपाई-बांधणीपर्यंतचं काम बायका-मुली करत. रमाबाईंनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर तिथेच छापलं गेलं. 1922 मध्ये त्या गेल्या आणि 1924 मध्ये ग्रंथ पुरा झाला. ज्यांना समाजाने अक्षरापासून लांब ठेवलं होतं, त्या बायकांच्या बोटांना कुठला खिळा कुठल्या खान्यात आहे आणि कुठली मात्रा कुठे बसते हे अंधारातही कळत असणार. शंभर वर्षांपूर्वी, याच तालुक्यात!

मग मध्ये काय झालं? मध्ये कोरल झालं.

कोरल ड्रॉ वाईट आहे असं मी म्हणत नाही. 1989 पासून चालत आलेलं भक्कम सॉफ्टवेअर आहे ते. पण आपल्याकडे ते आलं तेव्हा संगणकाला देवनागरी नीट येत नव्हती, म्हणून श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचं आयएसएम यांच्या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी तुकडे बसवले गेले: अर्धा श एका कळीवर, रफार दुसऱ्या कळीवर. त्या काळात दुसरा इलाज नव्हता आणि ते फॉन्ट करणाऱ्यांमुळेच मराठी छपाई संगणकावर आली, हे श्रेय त्यांचंच. गंमत अशी, की इलाज निघाल्यावरही दुकानांनी तो घेतला नाही. 2012 सालच्या एक्स-सिक्स आवृत्तीपासून कोरलला ओपनटाइपचे फॉन्ट बऱ्यापैकी कळू लागले. विंडोजमध्ये तर र. कृ. जोशींचा ‘मंगल’ हा युनिकोड फॉन्ट 2000 सालीच आला. तरी डीटीपीवाल्याच्या मशिनवर अजून जुनाच फॉन्ट. फॉन्ट बदलला की अख्ख्या पत्रिकेचं रोमन कडबोळं होतं, म्हणून फॉन्ट बदलायचाच नाही, आणि त्यामुळे अक्षराकडे बघायचंही नाही. पेंटर बसून राहिला, त्याच्या जागी ऑपरेटर आला. पंचवीस वर्षं या धंद्याने एकही नवं अक्षर काढलं नाही, फक्त निवडलं.

फोन आला तो युनिकोड घेऊनच. आज आठवीतला पोरगा ‘शेतकऱ्यांचा’ हा शब्द कीबोर्डवर सहज बरोबर लिहितो. बॅनरवर मात्र तोच शब्द ‘शेतकर्यांचा’ होऊन उतरतो. का? त्याला गुरूने सांगितलंय की युनिकोडमध्ये ‘लुक’ येत नाही. मग तो युनिकोड कन्व्हर्टरात टाकतो, निघालेली रोमन खिचडी पिक्सेललॅबमध्ये चिकटवतो आणि वर एएमएस किंवा तसलाच एखादा ब्रशचा फॉन्ट लावतो. या प्रवासात ऱ्याची पापणी गळून पडते. हा ब्रशचा ‘लुक’ म्हणजे सुलेखनकार अच्युत पालवांच्या हाताची पाचव्या-सहाव्या पिढीतली नक्कल. पालवांना 2025 मध्ये पद्मश्री मिळाली; त्यांच्या एका फटकाऱ्यामागचा रियाज मात्र कुठल्याही झिपमध्ये मिळत नाही. फॉन्टमध्ये गोठलेला फटकारा दहा वेळा तसाच्या तसा येतो आणि दहाही वेळा खोटा वाटतो.

कॅनव्हाबद्दल काय लिहायचं? शाळेच्या स्नेहसंमेलनाला आणि पतसंस्थेच्या वार्षिक सभेला ते पुरेसं आहे. लग्नाचे आमंत्रण-व्हिडिओ मी बघत नाही, वधूवरांनाही ते पुन्हा बघवत नसावेत. कृत्रिम बुद्धिमत्तेने केलेल्या चित्रांत सिंह जास्त केसाळ येतो आणि मराठी मजकूर बरेचदा चुकतो, एवढीच प्रगती.

खरा वाद क्लासवाल्यांशी आहे. शिरूर-दौंडच्या बाजारात फिरताना काही क्लासांच्या पाट्यांवर अजून ‘कोरल, फोटोशॉप, पेजमेकर’ दिसतं. पेजमेकरची शेवटची आवृत्ती 2001 सालची! त्या वर्षी जन्मलेली मुलं आता स्वतःच क्लास काढण्याच्या वयाची झाली. आत शिकवतात काय, तर मेनू. फाईल, एडिट, व्ह्यू. कुठल्या मेनूखाली काय आहे त्याची वही, आणि शेवटी एक व्हिजिटिंग कार्ड. जुन्या फोटोशॉपमध्ये मराठी टाइप केली की ‘कि’ची वेलांटी कच्या मागे जाऊन बसते आणि जोडाक्षरं सुटी होतात. मास्तर सांगतात, ‘फोटोशॉपला मराठी येत नाही.’ येते. प्रेफरन्सेसमध्ये टाइपखाली वर्ल्ड-रेडी लेआउट निवडायचं, नवी फाईल घ्यायची, बस. इंकस्केपला तर एवढंही सांगावं लागत नाही, आणि ते फुकट आहे. तरी चोरीच्या कोरलवर शिकवून फी घेणाऱ्याला आपण उस्ताद म्हणायचं?

याच मास्तरांचा आवडता सिद्धांत असा, की फोन म्हणजे टाइमपास आणि डेस्कटॉप म्हणजे काम. मला हे सपशेल उलटं दिसतं. माऊसने अक्षर काढून बघा. हात टेबलावर, नजर पडद्यावर, आणि मनगट मधल्यामध्ये बेवारस. फोनवर बोट जिथे टेकतं तिथेच रेषा उमटते. झूम केलं की एक वेलांटी तळहाताएवढी होते. पेंटर शिडीवर चढून जेवढ्या जवळून अक्षर पाहायचा, तेवढ्या जवळून ते पुन्हा पहिल्यांदा दिसायला लागलंय. ‘घाटाचा राजा’ कोरलमध्ये सुचला नसता, असं मी छातीठोकपणे म्हणतो.

फोनच्या मर्यादा मलाही माहीत आहेत. दहा बाय आठ फुटांचा फ्लेक्स 72 डीपीआयने करायचा तर 8640 बाय 6912 पिक्सेल लागतात. एवढा कॅनव्हास साध्या फोनला झेपत नाही. पण रस्त्यापलीकडून बघायच्या बॅनरला निम्मं रिझोल्यूशनही चालतं, आणि तेवढं फोन करतो. चित्र फाटतं ते बहुतेक वेळा व्हॉट्सॲपवरून साध्या फोटोसारखं पाठवल्यामुळे. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. पडद्यावरचा लखलखीत भगवा फ्लेक्सवर विटकरी उतरतो हेही खरं, कारण पडदा प्रकाशाने रंग दाखवतो आणि मशीन चार शाया मिसळतं. दुकानात जाऊन एक फुटाचा नमुना काढला की समजतं. या सगळ्याला दोन-तीन दिवसांची शिकवणी पुरे. त्यासाठी सहा महिने ‘फुल कोर्स’ कशाला?

सहा महिने हवेत ते अक्षरासाठी. देठाचा श आणि पाकळीचा ल मराठीने वापरावा हे शासनाने 10 नोव्हेंबर 2022 च्या निर्णयातही सांगितलं. क्लासमधल्या कुणाला विचारा, आपल्या फॉन्टमध्ये ल कुठला आहे. बऱ्याच चांगल्या युनिकोड फॉन्टांत मराठी रूपं आत दडलेली असतात, फक्त सॉफ्टवेअरला भाषा मराठी आहे हे सांगावं लागतं. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचे ‘मुक्ता’, ‘मोदक’ हे फॉन्ट फुकट आहेत, कायदेशीर आहेत. ‘मोदक’ तर एवढा जाड की आतली पोकळी नावालाच उरते, आणि तरी अक्षर ओळखू येतं. ते कसं साधलं, हे पोरांना महिनाभर कागदावर आणि फोनवर गिरवू द्या. मग एकच शब्द द्या, ‘शेतकऱ्यांचा’ द्या, आणि पंधरा तऱ्हांनी काढून आणायला सांगा. सिंहाची फाईल आणणाऱ्याला परत पाठवा.

यावर धंद्यातले लोक म्हणतील, पोट अक्षरावर भरत नाही. गिऱ्हाइकाला संध्याकाळी सहाला फ्लेक्स हवा असतो आणि त्याला सिंहच हवा असतो. मान्य, पण सिंह हवा असणारं गिऱ्हाईक यापुढे दुकानात येणारच नाही. ती फाईल त्याच्या भाच्याच्या फोनमध्ये आहे, फुकट. दुकानाकडे विकायला काय उरलं? स्क्वेअर फुटाचा भाव. त्या भावात शेजारचं दुकान दोन रुपये खाली उतरतं की धंदा संपला. ‘घाटाचा राजा’ भाच्याला जमणार नाही, त्यासाठी यावंच लागेल, आणि त्याचे पैसे स्क्वेअर फुटावर नाही, कामावर मागता येतील. छापायला दिल्यावर ऑपरेटर ‘सीडीआर पाठव’ म्हणेलच. पाठवा, पण फोनवरचं अक्षर आधी इंकस्केपमध्ये ट्रेस करून पीडीएफ काढा, कोरलमध्ये टाइप केलेलं काही असेल तर ते कर्व्ह करून मगच द्या. नाहीतर तुमचा फॉन्ट त्याच्या मशिनवर नसतो आणि तो बिनधास्त स्वतःच्या मनाचा लावून मोकळा होतो.