एका रात्रीची बोट

धक्क्यावर उभे राहिले की बोट डोळ्यांत मावत नाही, तिचे नाव तेवढे मावते. नोव्हेंबर २०१८ मधल्या एका दुपारी, मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत, मी ते नाव वाचले आणि शिडी चढण्याआधी पुन्हा एकदा वाचले. आंग्रिया. आंग्रे नव्हे, आंग्रिया. इंग्रजांच्या कागदपत्रांत कान्होजी आंग्र्यांचे आडनाव असे वाकवून लिहिले जाई आणि त्याच्या आसपास कुठेतरी ‘चाचा’ हा शब्दही येई. मराठ्यांच्या सरखेलाला, म्हणजे आरमारप्रमुखाला, दर्यावरचा लुटारू ठरवणाऱ्यांच्या जिभेवरचे हे रूप आहे. विजयदुर्गापासून दूर भर समुद्रात प्रवाळाचे जे मोठे पठार आहे, तेही नकाशात याच नावाने नोंदले गेले. आता तेच बिघडलेले नाव त्याच किनाऱ्याने जाणाऱ्या बोटीवर मोठ्या अभिमानाने रंगवलेले होते. कवितेचा अर्थ कधी कधी शीर्षकातच दडलेला असतो. या बोटीवरच्या पहिल्या दिवसाचा अर्थ मला त्या तीन अक्षरांत सापडला.

आणखी एक गोष्ट त्या नावात आहे. आंग्र्यांचे मूळ आडनाव संकपाळ. आंगरवाडीवरून ते आंग्रे झाले. समुद्रावर दरारा बसवणारे हे नाव मुळात एका वाडीचे, मातीचे आहे. मी वढू बुद्रुकचा, भीमेकाठचा. तुळापूरच्या संगमावर होडीत बसलो असेन तेवढाच माझा पाण्याचा अनुभव. त्यामुळे या आडनावाने मला धीर दिला, हे मी मोकळेपणाने सांगतो.

दुपारी चारच्या सुमारास मुंबई सोडायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गोव्याच्या मुरगाव बंदरात लागायचे, असा या बोटीचा बेत. म्हणजे पहिला दिवस हाच जवळजवळ सगळा प्रवास. हजारो उतारू नेणाऱ्या अवाढव्य बोटींवर पहिला दिवस खोली शोधण्यात, जेवणघराचा रस्ता पाठ करण्यात जातो. तो प्रस्तावनेचा दिवस असतो. इथे प्रस्तावना हाच ग्रंथ. १०४ खोल्या, साडेतीनशेच्या आसपास माणसे, एवढा आटोपशीर संसार. डेकवर पोहण्याचा तलाव, दोन जेवणघरे, झोपायला शयनगृहातल्या खाटेपासून ऐसपैस खोलीपर्यंत सगळे प्रकार. या थाटाबद्दल पुष्कळ लिहून आले आहे, मी त्यात शिरत नाही. मला जास्त मोलाचे वाटले ते तिचे पूर्वायुष्य. १९९७ साली जपानमध्ये बांधलेली ही बोट ‘ओगासावारा मारू’ या नावाने टोकियोहून सुमारे १,००० किलोमीटरवरच्या बेटांकडे माणसे आणि सामान नेत असे. चैनीसाठी ती जन्मली नव्हती. तिच्या चालण्यात एक कामसूपणा होता, तो नव्या रंगाखालीही जाणवत राहिला.

भोंगा झाला, दोर सुटले. बोट हलली हे पायांना कळलेच नाही. धक्का मागे सरतोय हे डोळ्यांनी सांगितले. डाव्या हाताला घारापुरीचे डोंगर, उजवीकडे गेटवे. मुंबई रोज पाहणाऱ्यालाही ती अशी पाहायला मिळत नाही. गोदीच्या गोंगाटातून वेगळी होत ती हळूहळू नुसती एक रेषा होते. मग एक छोटासा प्रसंग घडला, आणि त्याच्याकडे कुणाचे फारसे लक्ष गेले नाही. बोट सुरक्षित बाहेर काढून देणारा बंदराचा पायलट आपल्या लहान बोटीत उतरला आणि परत फिरला. संस्कृत नाटकात नांदी होते, सूत्रधार येतो, दोन शब्द बोलतो आणि निघून जातो. त्यानंतर नाटक खरे सुरू होते. तो माणूस गेला आणि मला तसेच वाटले. आता जमिनीचे कुणी उरले नव्हते.

माझ्याबरोबर आत्या होती. ती वढूची लेक, सासर वेंगुर्ल्याचे. तिच्या तरुणपणी माहेरची वाट बोटीनेच होती. ‘रोहिणी’, ‘कोकण सेवक’, ‘कोकण शक्ती’ ही नावे ती नात्यातल्या बायकांची घ्यावीत तशी घेते. तेव्हा डेकवर वळकटी पसरायची, बोट लागू नये म्हणून लिंबू हुंगायचे, आणि बंदर आले की पडाव बोटीला भिडायचा. त्या हलत्या पडावात खलाशी पोरांना अलगद झेलून घ्यायचे. खोलीतली पांढरीशुभ्र चादर तिने हाताने चाचपली, काचेपलीकडचे पाणी पाहिले आणि विचारले, “वेंगुर्ल्याला पडाव येईल ना रे?” मी म्हणालो, “आत्या, ही कुठेच थांबत नाही.” ती काही बोलली नाही. माझ्या वाचनात त्या संध्याकाळचा करुण रस एवढ्या एका प्रश्नात आहे. जुनी बोट कोकणाला बंदराबंदरावर स्पर्श करत जाई, नवी बोट त्याला दुरून पाहत जाते. थाट वाढला आणि थांबे गेले.

मात्र दुरून पाहण्याचेही एक सुख आहे, ते रात्री कळले.

अंधार पडल्यावर किनारा दिसेनासा होतो आणि दीपगृहे बोलू लागतात. प्रत्येकाची उघडझाप वेगळी. किती वेळा चमकायचे, किती वेळ गप्प राहायचे, हे ठरलेले असते, आणि तांडेल ते मोजून ठिकाण ओळखतो. मला एकदम वृत्तांची आठवण झाली. लघू, गुरू, यती. शब्द नसलेली ही कविता आहे, नुसत्या मात्रांची, आणि तिच्यात काळोखाचा वाटा उजेडाइतकाच आहे. कुलाब्याच्या टोकाचा प्राँग्ज मागे पडला होता. मग खांदेरी, जिथे १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी इंग्रज आणि सिद्दी यांच्या डोळ्यांदेखत किल्ला उभारला. त्या बेटाला आज कान्होजींचेच नाव आहे. पुढे नानवेलचा दिवा, म्हणजे जंजिऱ्याचा मुलूख. १६८२ च्या सुमारास संभाजीराजांनी त्या खाडीत दगड टाकून किल्ल्यापर्यंत रस्ता बांधायला घेतला होता. मोगली फौजा कोकणात उतरल्या आणि ते काम अर्ध्यावर राहिले. पाण्यात रस्ता बांधायला निघालेला राजा! डेकच्या कठड्याला टेकून हे आठवले तेव्हा जंजिऱ्याच्या दिशेला नुसता काळोख होता, पण मी बराच वेळ तिकडेच पाहत राहिलो.

मध्यरात्रीच्या सुमारास जयगडचा दिवा आला. मी ज्याची वाट पाहत जागा होतो, तो हाच. जयगडला शास्त्री नदी समुद्राला मिळते, आणि त्या शास्त्रीच्या काठी, वर आत, संगमेश्वर आहे. १ फेब्रुवारी १६८९ ला संभाजीराजे तिथे पकडले गेले. तिथून त्यांना घाटावर भीमेकाठच्या बहादूरगडाला नेले आणि ११ मार्चला, फाल्गुन अमावास्येला, त्यांची कथा आमच्या नदीकाठी संपली. वढूत वाढलेला माणूस हे लहानपणापासून ऐकतो, पण ऐकताना नेहमी शेवटाच्या बाजूला उभा असतो. त्या रात्री पहिल्यांदा मी दुसऱ्या बाजूला होतो. आमची भीमा सह्याद्रीतच उगवते, पण समुद्राकडे पाठ फिरवून पूर्वेला जाते. तिचे पाणी कृष्णेतून बंगालच्या उपसागराला मिळते, या समुद्राला कधीच नाही. शास्त्री मात्र डोंगर उतरली की थेट इथे येते. राजांना या नदीकडून त्या नदीकडे नेले, एवढेच त्या दिव्याच्या उघडझापीत मी वाचत होतो. आतून गाण्याचा आवाज येत होता, लोक आनंदात होते, आणि ते योग्यच होते. मला शेजारी आत्या पुरेशी होती. ती शालीत गुरफटून बसली होती, तिला बोट लागली नव्हती.

सकाळी गोवा आला. त्याबद्दल सांगण्यासारखे थोडेच आहे. किनारा जवळ आला की प्रवासी पुन्हा पिशव्यांचे होतात.

२०२० पासून आंग्रिया त्या मार्गावर धावत नाही. आता मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या क्रूझ बोटी आकाराने कितीतरी मोठ्या आहेत. त्या बोटीवरून जयगडचा दिवा पाहणे आता होणार नाही, म्हणून संभाजीराजांच्या समाधीच्या दर्शनाला वढूत येणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. एकदा जयगडलाही जा. संध्याकाळी खाडीच्या मुखाशी थांबा, दिवा लागेपर्यंत.