गोमंतकांतील हस्तिदंती मेंढपाळ बालयेशू

सतराव्या शतकांतील या गोमंतकी मूर्ति पाहतांना कित्येक पंडितांस बुद्धाचें स्मरण होतें. मिटलेले डोळे, गालास टेकलेलीं बोटें, खांद्यावर कोकरूं. पायथ्याच्या गुहेंत मग्दालेना पहुडलेली. साम्य आम्हांसही दिसतें. परंतु केवळ मुद्रेवरून मूळ ठरविणें घाईचें होय. त्याहून एक लेख अधिक बोलका आहे. गोव्याच्या १५६७ च्या धर्मपरिषदेनें उपासनेच्या वस्तू ख्रिस्तेतर कारागिरांकडून करविण्यास मनाई केली. जें घडत नाहीं त्यास मनाई कोण करील? मनाई या मूर्तींच्या आधींची खरी. तरी तिजवरून वहिवाट कळते. अंगरख्याच्या लोकरीचा एकेक झुपका ज्या निष्ठेनें कोरला आहे, ती भक्ति नव्हे असें म्हणण्यास आमचें मन धजत नाहीं. मात्र ती कोणत्या देवाची, हें मूर्ति सांगत नाहीं. संग्राहकांनीं नोंदींत कर्ता ‘ख्रिस्ती’ असें बेधडक लिहूं नये.