मेंदूची घडण आणि घरची सेवा

कॅनडांतील मानसोपचारतज्ज्ञ डॉ. नॉर्मन डॉइज यांचा 'द ब्रेन दॅट चेंजेस इटसेल्फ' हा ग्रंथ 2007 सालीं प्रसिद्ध झाला. मेंदूस इजा झाल्यावरही त्याचा उरलेला भाग नवें काम शिकूं शकतो, हा त्याचा विषय. या गुणास मराठींत 'लवचिकता' म्हणण्याची रूढी पडली आहे. ती आम्हांस रुचत नाहीं. वेताची छडी वांकवून सोडली कीं पूर्ववत् होते. मेंदू कुंभाराच्या मातीसारखा नवा आकार धरतो. 'घडणशीलता' हा शब्द अधिक यथार्थ होईल.

ग्रंथांतील सर्वांत सरस कथा पेद्रो बाक-इ-रीता या कवि-प्राध्यापकाची. 65 व्या वर्षीं पक्षाघातानें त्यांचें अर्धें अंग गेलें, वाचाही गेली. त्यांच्या जॉर्ज नांवाच्या मुलानें त्यांना तान्ह्या मुलाप्रमाणें आधीं रांगावयास लाविलें, दुबळ्या हातानें गोट्या वेंचावयास, भांडीं घासावयास लाविलें. पुढें ते पुन्हा कॉलेजांत शिकवूं लागले. 72 व्या वर्षीं, डोंगर चढतांना हृदयविकाराचा झटका येऊन ते वारले, तेव्हां शवचिकित्सेंत मेंदूच्या देठाची मोठी हानि तशीच आढळली! घाव भरला नव्हता. काम दुसऱ्या वाटेनें होऊं लागलें होतें.

आमच्या जिंतूरकडील घरांत नेमकें उलट घडतें. आजोबांचा हात लुळा पडला कीं सून घांस भरविते, नातू बटणें लावतो, आणि शेजारीपाजारी त्या सेवेची वाखाणणी करतात. माया खरी, पण तीच हाताचें उरलेंसुरलें काम हिरावून घेते. एवढ्या एका धड्यासाठीं तरी हा ग्रंथ घरोघर वाचला जावा.

डॉक्टरांच्या कथनपद्धतीस मात्र आमची हरकत आहे. त्यांचे रोगी बहुतेक जिंकणारे. धड हात बांधून दुबळ्याकडून काम घेण्याच्या एडवर्ड टाउब यांच्या पद्धतीचें ते मुक्तकंठानें कौतुक करतात. या पद्धतीच्या, अमेरिकेंत 222 रोग्यांवर झालेल्या परीक्षेचे निष्कर्ष 2006 सालीं प्रसिद्ध झाले. गुण आला, हें खरें. पण त्या रोग्यांच्या मनगटांत व बोटांत थोडी तरी हालचाल शिल्लक होती. ज्याचा हात अगदींच निर्जीव, त्याचें काय? इच्छाशक्तीचे हे पोवाडे वाचून उठलेला मुलगा "बाबा, तुम्हीच मनावर घेत नाहीं" असें म्हणूं लागेल. आणि वाचा गेलेल्या बापास उत्तरही देतां येणार नाहीं.

शेवटचें प्रकरण अधिक प्रामाणिक आहे. त्यांतील तरुणी मेंदूचा डावा अर्धा भाग जवळजवळ नसतांनाच जन्मली. उजव्या भागानें भाषेचें काम उचललें; पण जागा व दिशा ओळखण्याचें त्याचें मूळचें काम अधू राहिलें. असा जमाखर्च डॉक्टरांनीं इतर कथांतही मांडावयास हवा होता.