आठवणींचे प्रामाण्य : ज्यूंच्या संहारातून वाचलेल्यांचे स्मृतिग्रंथ

कै. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी 1898 साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हा प्रस्तावनेत बखरींची कसून झडती घेऊन समकालीन अस्सल पत्रांपुढे त्यांचे प्रामाण्य गौण ठरविले. धुळ्यास त्यांच्या संग्रहाच्या छायेत वाढलेल्या आम्हां खानदेशी अभ्यासकांच्या अंगी हा दंडक इतका मुरला आहे, की मागाहून लिहिलेली कोणतीही आठवण समोर येताच प्रथम संशयच उत्पन्न होतो. दुसऱ्या महायुद्धातील संहारातून जिवंत राहिलेल्या ज्यूंचे स्मृतिग्रंथ वाचताना मात्र हा दंडक अपुरा पडतो. तो कोठे अपुरा पडतो आणि कोठे पडत नाही, याचा विचार येथे कर्तव्य आहे.

दंडकाच्या मुळाशी एक गृहीत आहे. पत्र लिहिणारास त्या दिवसाचे काम साधावयाचे असते. पुढील पिढ्यांस फसविण्याचा त्याचा हेतू नसतो. जर्मन दफ्तरास हे गृहीत लागू पडत नाही. 20 जानेवारी 1942 रोजी बर्लिननजीक वान्से येथे वरिष्ठ अधिकाऱ्यांची बैठक झाली. तिच्या टिपणाच्या तीस प्रतींपैकी एकच 1947 साली हाती लागली. साधन या दृष्टीने याहून अस्सल ते काय असावे? परंतु त्यात संहारास 'पूर्वेकडे पाठवणी' असे नाव आहे. कागद अस्सल, मिती अस्सल, आणि शब्द खोटा! शिवाय जानेवारी 1945 मध्ये रशियन फौजा जवळ येताच आउश्वित्झच्या अधिकाऱ्यांनी दफ्तरे जाळली आणि दहनगृहे सुरुंगाने उडविली. जेथे मारणारानेच पुरावा लिहिला आणि त्यानेच तो नष्ट केला, तेथे वाचलेल्याची आठवण हे दुय्यम साधन राहत नाही. कागदाचा अर्थ लावण्याची किल्ली तीच होते.

प्रिमो लेव्ही या इटालियन रसायनशास्त्रज्ञाचा 1947 साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ याचे उत्तम उदाहरण होय. भाकरीचा तुकडा, पायांतील लाकडी जोडे, कढईच्या तळाशी राहणारे दाट सार, यांचे तेथे काय मोल होते, हे कोणत्याही सरकारी तक्त्यात सापडणार नाही. त्याहून महत्त्वाचे हे, की लेव्हींनी स्वतःच्या साक्षीवरही टीका केली. वारंवार सांगितलेली आठवण ठरावीक साच्यात घट्ट होते, आणि जे पूर्ण बुडाले ते परत आलेच नाहीत म्हणून वाचलेला हा खरा साक्षीदार नव्हे, असे त्यांनी 1986 च्या ग्रंथात प्रतिपादिले. इतकी कठोर छाननी आमच्या किती आत्मचरित्रकारांनी केली आहे?

तथापि भक्तिभावाने सर्वच मान्य करणे हेही संशोधन नव्हे. 7 ऑक्टोबर 1944 रोजी आउश्वित्झमध्ये कैद्यांनी बंड केले. ते पाहिलेल्या एका स्त्रीने चार धुराडी उडाल्याचे सांगितले. प्रत्यक्षात एकच दहनगृह निकामी झाले होते. आकड्यासाठी तिची साक्ष निरुपयोगी आहे. परंतु तेथेही बंड होऊ शकते, हे पाहून कैद्यांस काय वाटले, याला तिच्यावाचून पुरावा नाही. याउलट 1995 साली बिन्यामिन विल्कोमिर्स्की या नावाने आलेल्या बालपणीच्या आठवणी पुढे सर्वस्वी कल्पित ठरल्या. त्या उघड्या पाडल्या त्या जन्माच्या आणि दत्तकाच्या कागदांनीच. तेव्हा राजवाड्यांचा दंडक रद्द होत नाही. त्याचे क्षेत्र तेवढे ठरवावे लागते.

याचे प्रत्यंतर आमच्या शेजारीच मिळते. सप्टेंबर 1939 मध्ये युद्ध पुकारले जाताच इंग्रज सरकारने हिंदुस्थानातील जर्मन पुरुष पकडून अहमदनगरच्या छावणीत घातले. हिटलरच्या छळातून पळून आलेले ज्यू आणि हिटलरचे अनुयायी तेथे एकाच कुंपणात पडले, कारण पारपत्र दोघांचेही जर्मन! चौकशीअंती पुष्कळ ज्यूंची सुटका झाली. उरलेल्या बंदिवानांत हाइन्रिख हारर होते. अहमदनगराहून देवळाली आणि तेथून डेहराडून असा त्यांचा प्रवास झाला. ही देवळाली जळगावाहून मुंबईस जाणाऱ्या लोहमार्गावरच आहे. 1952 साली निघालेला त्यांचा तिबेटविषयक ग्रंथ जगभर गाजला, पण आपण नाझी पक्षाचे आणि एसएसचे सभासद होतो याविषयी त्यात मौन आहे. 1997 साली ते जुन्या कागदांवरून उघड झाले. येथे कागदाने आठवणीस दुरुस्त केले, आउश्वित्झमध्ये आठवणीने कागदास.

यावरून आमचा निष्कर्ष असा : मिती, संख्या आणि क्रम यांसाठी कागद पाहावा, कागदाने जे दडविले त्यासाठी आठवण पाहावी, आणि दोहोंचा लिहिणारा कोण, त्याला काय लपवावयाचे होते, हे प्रथम विचारावे. पानिपतातून जीव घेऊन परतलेल्या नाना फडणिसांचे आत्मवृत्त आम्ही याच न्यायाने वाचतो. 9 सप्टेंबर 1942 रोजी नंदुरबारास शिरीषकुमार आणि त्याचे सोबती गोळीस बळी पडले. त्या दिवसाचा सरकारी कागद गोळी झाडणाऱ्या बाजूचाच असणार. दुसरी बाजू ज्यांच्या घरांत आठवणीरूपाने उरली असेल, त्यांच्याकडे आम्ही वही घेऊन केव्हा जाणार? कागद शंभर वर्षे वाट पाहतो. माणूस पाहत नाही.