शून्य आणि शून्यता

मराठीत ‘शून्य’ हा शब्द बहुधा उणिवेच्या बाजूने येतो. परीक्षेत शून्य मिळते. खचलेला माणूस शून्यात नजर लावून बसतो. याच कानांनी मी नागार्जुनाची ‘मूलमध्यमककारिका’ पहिल्यांदा वाचली आणि मला तिच्यात नकाराखेरीज काही ऐकू आले नाही.

चोविसाव्या प्रकरणात प्रतिपक्षी नेमका माझाच आक्षेप घेतो : सारे शून्य असेल तर दुःख कुठले, मुक्ती कुठली, बुद्ध-धर्म-संघ तरी कुठले? नागार्जुन आक्षेप त्याच्यावरच उलटवतो. वस्तूंना कशावरही न अवलंबणारा स्वभाव असता, तर काही उपजलेच नसते, काही संपलेही नसते. दुःख स्वभावतः असते, तर मार्गच निरर्थक ठरला असता. प्रतीत्यसमुत्पादालाच तो शून्यता म्हणतो. अभाव आहे तो स्वभावाचा, वस्तूचा नव्हे.

डॉ. आंबेडकरांच्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’मध्ये (१९५७) शून्यता येते ती अनित्यतेच्या विवेचनात. शून्यवाद म्हणजे सर्वनकार हा समज ते खोडतात. शून्यतेमुळेच सारे शक्य होते, असे सांगतात. इथवर ते नागार्जुनाजवळ आहेत. पण अनित्यता आणि शून्यता एकच, हे मला पटत नाही. सर्वास्तिवादीही अनित्यता मानत, तरी प्रत्येक धर्माला स्वतःचा स्वभाव देत. नागार्जुनाचा वाद त्या स्वभावाशी आहे.

हा भेद केवळ पोथीतला नाही. जात अनित्य आहे एवढेच म्हटले, तर ती कधीतरी जाईल, असा दिलासा मिळतो. ती शून्य आहे म्हटले, तर ती आज, या क्षणीही कोणाच्या जन्मात नाही; विवाह, वस्ती, श्रद्धा यांच्या आधाराने उभी आहे. म्हणून तिचे घाव खोटे ठरत नाहीत. मात्र ते आधार काढता येतात. ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये (१९३६) शास्त्रांच्या पावित्र्यावरचा विश्वास मोडायला सांगणारे आंबेडकर मला म्हणूनच १९५७च्या त्या विवेचनापेक्षा नागार्जुनाच्या अधिक जवळचे वाटतात, तिथे ‘शून्यता’ हा शब्द नसूनही.

शून्यतेलाच मत करून बसणाऱ्यांना नागार्जुन असाध्य म्हणतो. ‘सारे शून्यच’ म्हणत अन्यायाकडे पाठ फिरवणारा मला त्यांच्यातलाच वाटतो. त्याच्या तोंडी शून्यता नाही, आपले ते जुने मराठी शून्यच आहे.